सहा सूत आत, दोन सूत बाहेर

वसईजवळच्या उमेळ्यातल्या तुळशीदासला एका सुताची चूक खपत नसे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण तो लेथवर उभा राहिला की सुताचेही तुकडे पाडायचा. वाटणीत आलेल्या वाडीतल्या केळी काढून त्याने पत्र्याची शेड उभारली होती. विहिरींवरच्या पंपांचे शाफ्ट, रिक्षा-टेम्पोंच्या चाकांचे हब, जे येईल ते तो करी. बायको मथुरा म्हणायची, यांना आमटीत मीठ नसलं तरी चालतं, पण दाराची कडी वाकडी बसलेली चालत नाही.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्या शेडपुढे पांडुरंगची गाडी येऊन थांबली. पांडुरंग भावकीतलाच, शाळेत एका बाकावर बसलेला. बापाने वाडी विकून स्टेशनाजवळ पहिली इमारत बांधली, मुलाने पुढच्या चार, आणि मग सगळे त्याला पांडुशेठ म्हणू लागले. तुळशीदास मात्र पांडूच म्हणे. गाडी होती जुनी इंग्लिश बनावटीची, दोघांपुरती, बुटकी, उघड्या टपाची. मुंबईत एका पारशाच्या गॅरेजात ती दहा वर्षं धूळ खात पडली होती. पांडुरंगला ती मोटार क्लबाच्या शर्यतीत उतरवायची होती, मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर.

चालवणारा मात्र तो स्वतः नव्हता. चालवणार होता नथू, खाडीकाठच्या आगरातला, पांडुरंगकडे विटा-वाळूच्या ट्रकवर ड्रायव्हर असलेला. नथूच्या हातात उपजतच काही होतं. भरलेला ट्रक तो बांधावरून असा काढायचा की बघणारा श्वास धरून उभा राहायचा. चालवायची पांडुरंगला भीती वाटत होती, पण ते कोणी बोलत नव्हतं.

पांडुरंगने परदेशी मासिकातलं एक चित्र पुढे ठेवलं. त्यातल्या गाडीची चाकं पातेल्यासारखी रुंद आणि मडगार्डच्या बाहेर आलेली. मला अशी पाहिजेत, सात इंचांची, असं त्याने सांगितलं. तुळशीदासने चित्र पाहिलं, परत दिलं, आणि आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत त्याने गाडी उलटीसुलटी मापली. प्लायवूडची चाकाएवढी तबकडी कापून हबवर बसवली आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे काय घासतं ते पाहिलं. मथुराकडून कणकेचा गोळा मागून घेतला, मडगार्डच्या आत चार ठिकाणी कणीक चिकटवली, नथूला आणि शेजारच्या दोघांना गाडीत बसवून उड्या मारायला लावल्या, आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली. मथुरा दारात उभी राहून हे बघत होती. त्या दिवशी दोन चपात्या कमी झाल्या, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगायची.

मग त्याने निकाल दिला. मूळ चाक साडेचार इंच रुंद होतं. ते साडेपाच करायचं, त्याच्या वर एक सूतही नाही. वाढवायचा तो इंच सहा सूत आतल्या अंगाला आणि दोन सूत बाहेरच्या. टायर एकशे पासष्ट मिलिमीटरचा, रेडियल, मुंबईच्या गोदीवाल्यांकडे मिळतो तो. पांडुरंगचं तोंड उतरलं. एवढंसं केलं तर बघणाऱ्याला कळणार काय, असं त्याचं म्हणणं.

तुळशीदासने कोपऱ्यातली पाण्याची कळशी त्याच्या हातात दिली.

"पोटाशी धर," तो म्हणाला. "आता हात लांब करून धर."

पांडुरंगचा हात लगेच थरथरला.

"गाडीचा एक्सल म्हणजे तुझा खांदा. चाक बाहेर काढशील तेवढी कळशी लांब जाते. आणि ही गाडी काही पैलवान नाही. म्हातारी आहे."

नथूने मान हलवली. चालवायचं त्याला होतं, म्हणून पांडुरंग नाइलाजाने कबूल झाला.

तुळशीदासने साधी लोखंडी चाकं आणून लेथवर मधोमध उभी चिरली, एक इंची पट्टी गोल वळवून मध्ये घातली, आतली तबकडी सहा-दोनच्या हिशेबाने सरकवून बसवली आणि वेल्डिंग केलं. एकेक चाक पुन्हा लेथवर चढवून तो तासन्‌तास फिरवत बसे, मापकाची सुई जरा हलली की परत ठोके. पाच चाकांना बावीस दिवस लागले. पाचवं जादाचं. पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा नथू त्याला शेजारी बसवून गास गावच्या वळणांवरून घेऊन गेला. आयुष्यात कधी न ओरडलेला तुळशीदास दोनदा ओरडला, आणि उतरल्यावर बराच वेळ हसत राहिला.

फेब्रुवारीत मद्रासला आपल्या वर्गात ती गाडी पहिली आली. नथू परतला तो थेट शेडवर. वळणावर बाकीच्या गाड्या घसरत होत्या, आपली मात्र जमिनीला चिकटल्यासारखी चालत होती, असं तो सांगत राहिला, आणि तुळशीदास पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, डाव्या वळणाला कशी, उजव्या वळणाला कशी.

आठवड्याने पॉलिन टीचर पंपाचा वॉशर न्यायला आली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. तिच्या पिशवीत इंग्रजी वर्तमानपत्र होतं, गाडीचा फोटो असलेला. तुझं नाव आहे का बघू, म्हणून तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. तुळशीदासने पुढे वाचायला सांगितलं. पांडुरंगने मुलाखतीत म्हटलं होतं की जिंकण्याचं खरं गुपित चाकांत आहे, आणि ती त्याने खास इंग्लंडहून मागवली आहेत.

तुळशीदास त्याच दुपारी पांडुरंगच्या ऑफिसात गेला. पांडुरंगने हसून त्याला बसवलं, चहा मागवला.

"उमेळ्यात केली म्हटलं असतं तर कोणी ऐकलं असतं का, तुळशी? उलट गाडीलाच हसले असते."

तुळशीदास चहा पिऊन परत आला. उत्तर त्याला पुढे बरेच दिवस सुचत राहिलं, लेथवर, जेवताना, आणि दर वेळी वेगळं.

पण एकदा बोललेलं खोटं सांभाळावं लागतं. क्लबातले लोक ती इंग्लिश चाकं बघायला मागू लागले. पावसाळा संपताना पांडुरंगने कुणाकडून तरी खरोखरची परदेशी चाकं मिळवली, सात इंच रुंद, परातीसारखी खोल, चकचकीत. तुळशीदासला त्याने ती दाखवली नाही. दाखवली नथूने, एका दुपारी गाडी मुद्दाम उमेळ्यावरून वळवून.

तुळशीदासने चाकावर पट्टी आडवी ठेवली आणि आत हबला टेकणाऱ्या तबकडीपर्यंत माप घेतलं. तबकडी फार आत होती. चाक दीड इंच बाहेर फेकलं गेलं होतं. अख्खा टायर मडगार्डच्या बाहेर. स्टेअरिंग कसं वाटतं, त्याने विचारलं. नथू म्हणाला, खड्डा आला की हातातून हिसका मारतं. तुळशीदासने त्याला चाकं बदलल्याशिवाय गाडी पळवू नकोस असं बजावलं आणि तसाच कपडे न बदलता पांडुरंगकडे गेला.

"इंग्लंडवाल्यांना अक्कल नाही का मग?" पांडुरंगने विचारलं. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"चाकं चांगलीच आहेत. पण या गाडीची नाहीत."

पांडुरंग गिऱ्हाइकांकडे बघून हसला. मानापमानाचं मनात ठेवू नये, असं काहीतरी तो म्हणाला. तुळशीदास उठून आला.

डिसेंबरात, पुढच्या शर्यतीच्या सरावाला, नथू सकाळी सातला हायवेवर गाडी घेऊन गेला. सातिवलीजवळच्या वळणावर पुढचा डावा एक्सल मुळातून तुटला. चाक एकटंच शेतात पळत गेलं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. नथू वाचला. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

बातमी कळली तसा तुळशीदास इस्पितळात धावला. बाहेर बाकावर नथूची बायको जिजा बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. तेव्हा त्याला वाटलं, दुःखाने.

दोन दिवसांनी पोलीस चौकीतून बोलावणं आलं. गाडीला फेरफार केलेली चाकं होती, ती उमेळ्याच्या तुळशीदासने केली होती, असा मालकाचा जबाब होता. ड्रायव्हरचाही तसाच. तुळशीदासने कंपासपेटीसारखी आपली मापाची पेटी बरोबर नेली होती. चाक दाखवा, त्याने हवालदाराला विनवलं, एकदा पट्टी लावू द्या, मग काय ते लिहा. गाडी मालकाच्या ताब्यात दिली होती, आणि मालकाने ती चाकांसकट भंगारात काढली होती. पेटी न उघडताच परत आली.

खटला काही झाला नाही. पांडुरंगने तक्रारच केली नाही. भावकीतल्या एका साखरपुड्यात, पन्नास माणसांपुढे, त्याने तुळशीदासच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपलाच माणूस आहे. हातून चूक होते. मी मनात काही ठेवलेलं नाही."

म्हातारी माणसं पांडुरंगच्या मोठ्या मनाचं कौतुक करत राहिली. तो हात खांद्यावरून झटकावा असं तुळशीदासला फार वाटलं. पण मुलीकडची मंडळी समोर, मथुरा बायकांत बसलेली. त्याने झटकला नाही. पुढे आयुष्यभर त्याला अपघातापेक्षा, चौकीपेक्षा, त्या हाताचं वजन जास्त आठवायचं.

रिक्षावाले, टेम्पोवाले यायचे बंद झाले. पंपांचं काम राहिलं. पंप तुटला तर कुणाचा पाय जात नाही.

महिन्याभराने तो आगरात नथूच्या घरी गेला. नथू ओट्यावर बसला होता, लुंगीचं एक अंग रिकामं. जिजाने पाणी आणून ठेवलं आणि ती आत निघून गेली, पण दाराआडून हलली नाही.

"ती चाकं माझी नव्हती, नथू."

"नव्हती, दादा."

"मग?"

"मी शुद्धीवर आलो तवा शेठ उशाशी होता. म्हनाला, सगला खर्च माझा, घराला पन देईन, तू फक्त असं असं बोल. एक पाय गेलेला दादा, दुसऱ्यातबी पू झालेला. मी काय करनार होतो?"

तुळशीदासला ते कळलं. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हेही त्याने तिथे बसल्याबसल्या मनाशी तपासलं, आणि उत्तर त्याला आवडलं नाही. म्हणून तो पाणी पिऊन उठला. पण कळणं वेगळं. परतताना बांधावरून चालताना त्याला नथूचा जितका राग आला, तितका पांडुरंगचाही कधी आला नव्हता. पांडुरंगला त्या चाकांतलं काही कळतच नव्हतं. नथूला सगळं कळत होतं.

वर्ष गेलं. पांडुरंगने नथूला सहा महिने पोसलं, मग हळूहळू हात आखडला, मग ऑफिसात भेटेनासा झाला. शहाऐंशीच्या सुरुवातीला नथू कुबडीवर शेडमध्ये आला. मेव्हण्याची रिक्षा होती. ती स्टेशनावर चालवायची होती. ब्रेक पायाचा, उजव्या पायाचा. तो हाताने दाबता यावा म्हणून दांडा जोडून हवा होता.

"तुमच्यासारखं दुसरं कोन करनार नाय, दादा. आन् आता मी सगल्यांना खरं सांगनार. भावकीत येतो तुमच्या, सांगतो."

तुळशीदास शाफ्टवर रेतीकागद फिरवत होता. तो थांबला नाही.

"शेठने पैसे बंद केले म्हणून?"

नथूने शेडच्या खांबाला हात टेकला.

"ब्रेकचं काम मी करत नाही. उद्या काही झालं तर तू काय सांगशील, ते मला माहीत आहे."

नथू कुबडी सावरत वळला. शेडपासून रस्त्यापर्यंतची वाट उतरणीची होती, आणि त्याला ती उतरायला फार वेळ लागला. मथुरा ओसरीवरून पाहत होती. करून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, ती म्हणाली. हीच मथुरा वर्षभर नथूला शिव्याशाप देत आली होती. तुळशीदास म्हणाला, "बिघडलं असतं." आपल्याला गार वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

नथूने तो दांडा विरारला फुलपाड्यात कुणाकडून तरी जोडून घेतला. पावसाळ्यापूर्वी एकदा वसई रोड स्टेशनाबाहेर तुळशीदासला ती रिक्षा दिसली. नथू आत नव्हता, टपरीवर चहा पीत होता, पाठमोरा. तुळशीदास नको नको म्हणत रिक्षाजवळ गेला आणि वाकला. दांडा ठीक होता, त्याला दिलेला बाकही बरा होता. पण दांडा जिथे ब्रेकच्या सळईला जोडलेला, तिथल्या पिनेला शेवटी दुपाखी खिळा घालून तो फाकवायला हवा होता. त्याऐवजी कुणीतरी नुसती तार गुंडाळली होती. तार आताच सैल झाली होती; ती सुटली की पिन निसटणार आणि ब्रेक जाणार.

नथू वळला. दोघांची नजरानजर झाली. तुळशीदासने तोंड उघडलं. तेवढ्यात दोन बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन रिक्षात चढल्या, नथू कुबडी टेकत आला, त्याच्याकडे न बघता बसला, आणि रिक्षा पापडीच्या रस्त्याला लागली.

घरी येऊन त्याने मथुराला सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, मग जा ना, सांगून या. उद्या जातो, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पंपाचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी तो चपला घालून आगराच्या फाट्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

त्या पावसाळाभर, स्टेशनाकडून जो कोणी येई त्याला तो सहज विचारल्यासारखं विचारी, नथूची रिक्षा दिसली का म्हणून. दिसली म्हणून सांगितलं की कामाला लागे.