डेव्हलपर गारठला तेव्हा

तासगावच्या पेठेत नेमिनाथचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्याच मागच्या बाजूला घर. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. बायको गुणमाला सांगलीची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. घरात माणसं भरपूर. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर फोटो धुवायची अंधारी खोली तेवढी हक्काची.

पौषातल्या एका सकाळी कवठे महांकाळच्या अंबूबाई लेकाला घेऊन दुकानात आल्या. लेक आकाराम पलटणीत होता आणि त्याची रजा संपली होती. आदल्या दिवशी काढलेला मायलेकांचा फोटो घेऊनच त्याला मिरजेची एसटी धरायची होती. नेमिनाथ लगबगीनं आत गेला, पण खोली दगडी भिंतींची, पार गारठलेली. डेव्हलपरच्या, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या औषधाच्या, ट्रेमध्ये कागद कितीही हलवला तरी अंबूबाईंचा चेहरा धुक्यात असल्यासारखाच. घाईनं काढलेली प्रत फिकी निघाली. ती त्यानं वैतागून बाजूला टाकली.

गुणमाला चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेवून बघू. नेमिनाथला पटेना. औषध तापलं की सगळं काळं पडतं, असं त्याला वडिलांनी शिकवलेलं. आणि एवढ्याशा उबेनं असा काय फरक पडणार?

"आवं, औषधातले सगळे रेणू एकाच जोरानं पळत न्हाईत," ती म्हणाली. "बरेचसे मधल्या चालीचे, काही रेंगाळणारे आणि अगदी थोडे लय जोरातले. कागदावरचं काम त्या थोड्यांच्याच हातून होतं, कारण तेवढ्या जोरानं धडकल्याबिगर चांदी मोकळी व्हत न्हाई. जरा ऊब दिली तर सगळ्यांचा सरासरी जोर नावापुरताच वाढतो. पण त्या जोरातल्यांची संख्या दुप्पट व्हती."

 नेमिनाथनं विचारलं, "मग रेंगाळत्यात ते कायम मागंच?"

"न्हाई. धक्काबुक्कीत आत्ता मागं असलेला घटकेत पुढं जातो."

मॅट्रिकला दोनदा बसलेल्या नेमिनाथला हे फार आवडलं. त्यानं स्वतः परात आणली. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं गुणमालानं कोपर बुडवून पाणी बघितलं, आणि ट्रे त्यात ठेवला. औषधाला ऊब लागल्यावर तिनं नवा कागद आत सोडला. आधी अंबूबाईंचे डोळे उमटले, मग पदराचा काठ, मग आकारामच्या मिशा. काळं काही पडलं नाही.

अर्धवट ओली प्रत टिपकागदात दाबून नेमिनाथ बाहेर आला. अंबूबाईंनी ती निरखून पाहिली, माझा पदर वाकडा आलाय म्हणून कुरकुरल्या, आणि आकारामच्या पेटीत कपड्यांच्या घडीत स्वतःच्या हातानं ठेवली. एसटी मिळाली.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो धुवायचे होते. थंडी तशीच होती. गुणमाला आत आली तर परात कुठं दिसेना. तिनं विचारलं तेव्हा नेमिनाथ ट्रेकडेच बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे गार. आज घाई कुणाला हाय?"

तिला हसू आवरेना. मग तिनं त्याला उरलेला धडाही सांगितला, सांगलीच्या कॉलेजातल्या सरांच्या नकलेसकट. लाल दिव्याखाली नेमिनाथ सावकाश कागद हलवत राहिला, आणि मधेमधे मुद्दाम न समजल्यासारखं करत राहिला.