पितळी टोपीवरचं कुंकू

खंडेनवमीला मोटारीची पूजा मी केली. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ माझ्याच बोटात होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेवटी कळल्यावर लोक म्हणतील, बाई लबाड आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. आमच्या मालकांनी बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती. मालकांचं नाव भरमू. कागदावर नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, असं मी माझं ठरवून टाकलंय. साहेब विलायतेला गेला आणि मोटार आमच्या उचगावला आली. तिला पुढून हँडल मारायचं. पेट्रोलची टाकी काचेच्या पुढंच, आणि टाकीवर एक पितळी टोपी, बरोबर कपाळाच्या जागी. रोज उजाडता भाजीच्या पाट्या आणि पाटीवाल्या बायका भरून मालक बेळगावला जायचे.

मोटारीच्या आधी ते थोरल्या भावाच्या, ज्योतिबाआण्णांच्या हाताखाली होते. चाळिशीचा माणूस, पण बांधावर उभा राहून "आण्णा, आता काय करू?" असं विचारायचा. मोटारीचं चाक हातात आलं आणि त्यांची मान सरळ झाली. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मला कळलं की नवरा माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे.

तर खंडेनवमी. मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. कुंकू लावायचं कुठं? कपाळाला. पण मोटार पळणार, वारा लागणार, कुंकू उडणार. म्हणून आम्ही बायका स्वतःला लावतो तसं आधी मेण लावलं, बोटानं चांगलं दाबून, आणि त्यावर हे एवढं मोठं कुंकू. सणाला कुणी उपाशी नको म्हणून मालकांनी टाकी आधीच गळ्यापर्यंत भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मोटार सोनं लुटायला शिवेकडे निघाली. अर्ध्या वाटेवर चिंचेपाशी दोनदा खोकली आणि मेली. आण्णांच्या बैलांनी तिला ओढत घरी आणली. गळ्यात माळ होतीच. पोरं पुढं हलगी वाजवत होती.

मग मालकांनी हँडल मारायला घेतलं. हँडल फिरायचं, आतलं सगळं खडखडत फिरायचं, पण मोटार पेट घ्यायची नाही. सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. तिसऱ्या दिवशी हँडलानं उलटा झटका दिला आणि मालकांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या.

आण्णा बघायला आले ते हात बघायला की मोटार, देव जाणे. आधी मोटारीभोवती फेरी मारली.

"सोमवारपातूर बघतो, भरमू," ते म्हणाले. "न्हायतर बैलं जुपून नेतो. रबरी चाकं माझ्या गाडीला बसतील. पत्रा गोठ्यावर. आन् तू ये शेताला. एका हातानं राखण व्हतीय की."

मालकांची मान खाली गेली. वीतभर उंची कुठं गेली, ते मला दिसलं.

थोरल्या दिराशी तोंडानं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मला त्यांना काही सांगायचं असलं तर मी म्हशीला सांगायची. म्हैस ऐकून घ्यायची आणि आण्णांना कळायचं.

"ऐकलंस का गं?" मी म्हशीला म्हटलं. "सोमवार अजून उजाडायचाय."

सोमवारी सकाळी शहापूरहून रवळू मिस्त्री आला. दाराशी आण्णाही आले, बैलजोडी घेऊन. दोर त्यांनी मोटारीच्या पुढच्या दांड्याला बांधूनच टाकला. माणूस वेळेचा पक्का.

मिस्त्रीनं आधी ठिणगी बघितली. प्लग काढून लोखंडावर टेकवला आणि म्हणाला, "हँडल कोन मारनार?"

मालकांचा हात गळ्यात. मिस्त्रीला प्लग धरायचा. आण्णा हलले नाहीत.

मी पदर खोचला.

"अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव," मालक हळूच म्हणाले. "दांड्याला वळसा घालू नगंस. माझी तीच चूक झाली."

मी हँडल ओढलं. पहिल्यांदा ते हललंच नाही. दुसऱ्यांदा जात्याचा खुंटा आठवला, आणि फिरलं. निळी ठिणगी कडाडली.

"ठिणगी झकास हाय," मिस्त्री म्हणाला. "मंजे पेट्रोल यीत न्हाय."

काटा टाकी भरलेली दाखवत होता. त्यामुळं टोपी उघडून बघायची कुणाला गरज पडली नव्हती. आणि पडली असती तरी नवमीच्या कुंकवाला हात कोण लावणार? पूजेचं कुंकू आपोआप जाईल तेव्हा जाईल. मिस्त्रीनं काच पुसली, टप पुसला, पण टोपीला वळसा घातला. त्यानं खालची नळी सोडली. पेट्रोलचे दोन घोट आले आणि थांबले. नळी फुंकली, साफ. पुन्हा एक घोट, पुन्हा बंद. मिस्त्री कानडीत बोलायला लागला. चिडला की तो कानडीत जायचा.

"टाकीच उतरवाय लागंल," शेवटी मराठीत आला. "बेळगावला न्याय लागंल. आठवडा तरी."

"मग बैलंच नेत्यात," आण्णा म्हणाले. "येगळी कशाला न्यायची?"

मिस्त्रीनं हात धुवायला राकेल मागितलं. नवा डबा होता. मी कोपऱ्यात खिळा ठोकून भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. घळ घळ दोन घोट आले आणि थांबलं. आता हे मला माहीत नाही असं नाही. कुठल्या बाईला माहीत नाही? दुसरं भोक पाडलं. आत वारा शिरला आणि धार लागली.

मिस्त्री हात चोळत होता. मी धारेकडे बघत राहिले. राकेल वाया चाललं होतं.

"अगं, डबा सरळ कर," मालक ओरडले.

मी डबा खाली ठेवला. "मिस्त्री, हिला दुसरं भोक कुठं हाय?"

"कुनाला?"

"मोटारीला. पेट्रोल खाली जातंय, तर वारा कुठनं आत जातोय?"

मिस्त्रीचे हात थांबले. त्यानं टाकीकडे बघितलं, मग वर, मग टोपीकडे. त्याच्याबरोबर आम्ही सगळ्यांनी बघितलं. माझं कुंकू आठ दिवसांनीही अगदी ताजं होतं. मेण चांगलं होतं.

"टोपीला असतंय की भोक," मिस्त्री पुटपुटला. "बारीक. टाचणीएवढं."

"त्येच्यावर कुंकू हाय," मालक म्हणाले.

मिस्त्रीनं हात मागं बांधले. त्याच्या घरीही बायको होती.

"भरमू, सांग तुझ्या बायकूला," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पूजेचं कुंकू पुसू नगं म्हणावं. तुझा हात मोडलाय, एवढं बास हाय."

त्यांना खरोखर भीती वाटली होती. धाकट्या भावासाठी. ते मला त्या दिवशी कळलं, आणि राग थोडा उतरला.

भीती मलाही वाटली. खोटं कशाला सांगू? आपल्या हातानं लावलेलं कुंकू आपल्याच हातानं पुसायचं, तेही भरल्या सकाळी, नवरा समोर उभा असताना. मी मालकांकडे बघितलं. कामट्यांतला हात, खाली गेलेली मान. वाटलं, माझं कुंकू या पितळेवर नाही, ते त्या मानेवर आहे.

पदराच्या टोकानं टोपी पुसली. कुंकू गेलं, खाली पिवळा मेणाचा थर. नखानं खरवडला. भोक दिसलं, गच्च बुजलेलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि आत खुपसला.

फुस्स झालं. पाण्यातनं डोकं वर काढल्यावर माणूस घेतो तसा तिनं श्वास घेतला. आणि सोडलेल्या नळीतून पेट्रोलची धार मिस्त्रीच्या दोन्ही पायांवर.

"अय्ययो!" मिस्त्री नाचला आणि अंगठ्यानं नळी दाबून धरली.

नळी जोडून झाली. मी हँडलाशी गेले. एका बाजूला मोटार, दुसऱ्या बाजूला बैलांची शेपटं, मधे मी. म्हैस गोठ्यात होती, लांब. निरोप पोचला नसता.

"आण्णा," मी म्हटलं, "बैलं सोडा."

वीस वर्षांतलं पहिलं वाक्य. आण्णांनी आधी मागं बघितलं, दुसरा कुणी आण्णा आहे का म्हणून. मग वाकून दोर सोडला.

अंगठा बोटांच्या बाजूला. पहिला फेरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मोटार खोकली, थरथरली, आणि पेटली. बैल उधळले. मी दगड होऊन उभी राहिले, कारण एकदा पेटून पुन्हा मरते की काय ते बघायचं होतं. मालकांनी डावा हात टपावर ठेवला, ताप बघावा तसा. दसऱ्याला जिथं मेली ती चिंच मागं पडली असती एवढा वेळ गेला. मोटार चालूच.

"मिस्त्री," मालक म्हणाले, मान वर करून, "हात बरा हुईतोवर गाडी तू चालव. बेळगावच्या पाट्या आठ दिस खोळंबल्यात."

"आन् हँडल?" मिस्त्रीनं पायांवरचं पेट्रोल पुसत विचारलं.

"हँडलाला मानूस हाय."

आण्णांनी लांब गेलेले बैल धरून आणले. माझ्याजवळून जाताना थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यालाच म्हणाले,

"म्होरल्या साली कुंकू चाकाला लावायचं म्हणावं. आन् मेण लावू नगं म्हणावं."

मी हँडल पुसून ठेवत होते. बैल ऐकत होता, तो सांगेल मला.