आमेनची थाप

"भर! सगळ्यांना दिसेल अशी गोळी भर!" ब्रदर ऑरिन गरजला, आणि गुरांच्या लिलावाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसांनी श्वास रोखून धरले.

वायोमिंगमधल्या त्या गावात पूर्वी रविवारच्या प्रार्थनेला चार म्हाताऱ्या आणि एक बहिरा सुतार एवढीच हजेरी असायची. ब्रदर ऑरिन आला आणि चाळीस चाळीस मैलांवरून पिकअप गाड्या लोटू लागल्या. बायका मक्याचा पाव नि पीच भरलेली गोड पाई घेऊन यायच्या, बाप्ये टोप्या काढून बसायचे. कमरेची पिस्तुलं मात्र कमरेलाच.

पहिल्या बाकावरच्या एका शेतकऱ्यानं ब्रदरच्या पिस्तुलाच्या मुठीत खालून गोळ्यांचं मॅगझिन सारलं, वरचा खटका मागे ओढून एक गोळी नळीत चढवली. ब्रदरनं ते पिस्तूल घेतलं, नळी स्वतःच्या छातीला टेकवली आणि डोळे मिटले.

"हे लोखंडा! तू प्रभूच्या लेकराला ओळखतोस का?"

चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पुन्हा काही नाही.

"आमेन!" म्हणत त्यानं पिस्तुलाच्या मुठीच्या बुडावर डाव्या हातानं जोरदार थाप मारली, गर्रकन वळला आणि वाळूच्या पोत्यांपुढच्या मडक्यावर नेम धरला. धाड! मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"हालेलुया!" शेड दणाणली. एक बाई तर बाकावरच लवंडली.

"लोखंडाला भक्त कळतो!" ब्रदर घाम पुसत म्हणाला. "माझ्या आशीर्वादाचं पिस्तूल घरात असू दे. तुमच्या लेकरानं खेळणं म्हणून उचललं, तरी त्याच्या केसाला धक्का लागणार नाही!"

मागच्या बाकावर कोरली हॅस्केट हाताची घडी घालून बसली होती. ती गावची गुरांची डॉक्टर. उभी हयात अडलेल्या गायींची वासरं ओढून काढण्यात गेलेली. डोळे मिटून कुठलं वासरू बाहेर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. आज ती आली होती ती भावाच्या, ड्यूईच्या, आग्रहाखातर. लोक आपापली पिस्तुलं रात्रभर ब्रदरपाशी ठेवायचे. सकाळी परत मिळाली की चाप लोण्यासारखा मऊ झालेला असायचा. पटायला आणखी काय हवं?

दोन दिवसांनी दुपारी कोरली दवाखान्यात वडिलांचं जुनं पिस्तूल समोर घेऊन बसली. एकटी राहणारी बाई, वाटेवर साप नि कोल्हे, पिस्तूल लागायचंच. पण संधिवातानं बोटं आखडलेली, आणि चाप होता जड. त्याचं कारण तिला माहीत होतं. आत एक छोटासा अडसर होता. मॅगझिन जागेवर नसेल तर तो चाप निकामी करायचा. एरवी मात्र चापाला घासत राहायचा. तो काढला की चाप हलका. पुष्कळजण काढतात. काढावा का?

बोटं म्हणत होती, काढ. पण तिला गावातल्या लिंडक्विस्टचा कुत्रा आठवत होता. ह्याच टेबलावर मेला तो, पोटात गोळी घेऊन. "मॅगझिन काढलं होतं हो, डॉक्टर!" लिंडक्विस्ट रडत पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होता. मॅगझिन काढलं होतं. नळीतली गोळी राहिली होती. आणि त्याच्या पिस्तुलाला असला अडसर नव्हता.

तेवढ्यात ड्यूई आत आला. "अगं, कसला विचार करतेस? ब्रदरकडे दे. हे बघ माझं, तुझ्याच बनावटीचं. चाप ओढून बघ!"

तिनं ते हातात घेतलं. मॅगझिन नव्हतं. सवयीनं तिनं खटका मागे ओढला, आणि नळीतून एक गोळी निसटून स्टीलच्या टेबलावर खणखणत गेली.

"मॅगझिन तर काढलंय की!" ड्यूई म्हणाला.

"बाप रे, ड्यूई!" तिनं नळी नीट तपासली, भिंतीकडे रोखली, चाप ओढला. टक्! मॅगझिन नसताना. मग स्वतःचं पिस्तूल रिकामं करून तेच केलं. चाप मेल्यासारखा. चारदा करून पाहिलं, चारदा तेच.

"तुझा अडसर काढून घेतलाय," ती म्हणाली. "आशीर्वाद कसला? काढायला कानससुद्धा लागली नसेल. आणि त्याच्या स्वतःच्या पिस्तुलात तो शाबूत आहे. बोटानं मॅगझिन जरासं खाली सोडायचं, मूठ तळव्यानं झाकायची. छातीवर गोळी सुटतच नाही. मग 'आमेन' म्हणून थाप मारली की मॅगझिन पुन्हा जागेवर!"

"तू देवाची टिंगल करतेस."

"हे घरात कुठं ठेवतोस?"

"स्वयंपाकघरात. फळीवर." तो म्हणाला. "आशीर्वादाचं आहे म्हणून…"

"आणि मार्ली?"

 ड्यूईची मुलगी मार्ली सात वर्षांची होती. खुर्ची ओढून ती फळीवरचे बिस्किटांचे डबे काढायची.

"रविवारी सगळ्यांपुढे ब्रदरचा तमाशा नको करूस," तो शेवटी पुटपुटला. "बिचाऱ्याची अब्रू जाईल."

"जाऊ दे. तुझं पिस्तूल इथंच ठेव."

रविवारी ब्रदरनं मडकं मांडलं आणि कोरली उठून सरळ पुढे गेली.

"या, डॉक्टरीणबाई! गाईची नाडी बघून झाली, आता देवाची बघणार?" लोक खदखदून हसले.

"देवाची नाही. तुमच्या डाव्या हाताची." तिनं ड्यूईचं पिस्तूल पुढे केलं. "हे तुम्हीच पावन केलंय. आजचा चमत्कार ह्यानं करा. लावा छातीला."

ब्रदरनं पिस्तुलाला हातही लावला नाही. "देवाची परीक्षा पाहू नये, असं शास्त्र आहे!"

"मग दर रविवारी काय पाहता?"

या वेळी हशा पिकला तो ब्रदरवर. कोरलीनं सगळ्यांना मागे सरायला लावलं आणि ती वाळूच्या पोत्यांसमोर उभी राहिली.

"हे माझ्या वडिलांचं. आशीर्वाद नाही, तीर्थ नाही." तिनं गोळी चढवली, मॅगझिन अर्धा इंच खाली सोडलं, पोत्यावर नेम धरून चाप ओढला. शांत. "हालेलुया," ती कोरडेपणानं म्हणाली. बुडावर थाप मारली, पुन्हा चाप ओढला. धाड! वाळू उडाली.

"आणि हे आशीर्वादाचं." तिनं ड्यूईच्या पिस्तुलाची गोळी चढवली, मॅगझिन पुरतं काढून खिशात टाकलं. "आता हे रिकामं, असं कुणीही म्हणेल. लेकरू म्हणेल."

धाड!

यावेळी कोणी हालेलुया म्हटलं नाही. ड्यूई गर्दीतून पुढे आला. "हे माझ्या स्वयंपाकघरात असंच होतं," तो म्हणाला. "गोळीसकट. मार्लीच्या हाताशी."

"सैतान संशयाच्या तोंडानं बोलतो!" ब्रदर ओरडला.

"बोलू दे!" म्हातारी मिसेस एंगस्ट्रॉम काठी आपटत उठली. "ब्रदर, तुम्ही डावा हात खिशात घाला आणि मडकं फोडून दाखवा!"

ब्रदरनं हात खिशात घातला नाही. त्याला एकाएकी कपाळशूळ उठला, आणि तो मागच्या दारानं गेला.

सगळे शहाणे झाले असं नाही. कोणीतरी दवाखान्याच्या दारावर 'चेटकीण' असं रंगवलं. कोरलीनं ते पुसलं नाही. पण त्याच आठवड्यात कितीतरी माणसं अडसर परत बसवून घ्यायला धावली. ड्यूईनं कुलपाची लोखंडी पेटी आणली.

"म्हणजे तो अडसर कधी काढूच नये?" गुरं पाळणाऱ्या एका रँचवाल्यानं कोरलीला दुकानात अडवून विचारलं.

"मी नाही काढला. माझी बोटं दुखतात, दुखू देत," कोरली म्हणाली. "तुमच्या घरात कोण राहतं, हत्यार कुठं असतं, हे तुम्हाला ठाऊक. तेव्हा तुमचं तुम्ही तोला. चाप हलका झाला तर आपण काय गमावलं, ते विचारा. आणि ज्याला प्रश्न विचारला की राग येतो, त्याच्या हाती हत्यार देऊ नका. लेकरं तर नाहीच नाही."