टेकूखालची जागा

शिडाची होडी धक्क्यावर टेकूंवर चढवलेली होती. पाठीवर बांधलेलं तान्हं सावरत हिसाए शिडीवर उभी होती आणि आत वडील, गेन्झो, गुडघे टेकून तळाचे बोल्ट हातोडीनं ठोकून पाहत होते. होडीचा जड लोखंडी कणा या सात बोल्टांवरच खाली लटकलेला. धड बोल्ट खणखणतो. प्रत्येक ठोक्याला बाबा म्हणत, "वाजतोय."

हिसाएला चार ठोके नुसते भद्द ऐकू आले. बाबांना कमी ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. पण बोल्टही ते नुसत्या सवयीनंच ऐकत होते, हे आज कळलं.

ओबोनला, पितरांच्या सणाला, बेटावर जाऊन आईच्या थडग्यावर पाणी घालायचं होतं, नातवंड आजीला दाखवायचं होतं. तिथली फेरीबोट बंद होऊन तीन वर्षं झाली होती. या होडीवाचून वाट नव्हती.

तरी तिनं गोदीवाल्या ओनोदाला सांगितलं. त्यानं एक बोल्ट उपसला. डोकं चकचकीत, मान मात्र पेन्सिलीएवढी उरलेली.

बाबांना पटेना. दर वसंतात ते कण्याच्या सांध्यात, बोल्टांच्या डोक्यांवर लांबीचा जाड लगदा भरत. नवरीला पावडर थापावी तशी थापतो म्हातारा, असं ओनोदाच हसायचा. पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नव्हता.

"तेच नडलं, गेन्झोसान," ओनोदा त्यांच्या कानाशी वाकला. "आतली ओल आतच कोंडली. न गंजणाऱ्या पोलादालाही हवा लागते."

"म्हणजे ही होडी मीच खाल्ली."

लाकडाचाही भुसा झालाय, नवे बोल्ट धरणार कशात, गुरुवारी होडी तोडणारी माणसं येतील, असं ओनोदानं हिसाएला बाजूला घेऊन सांगितलं.

दुपारी भाताचे गोळे घेऊन ती परतली, तर बाबा होडीच्या बुडाला लाल रंग देत होते.

"बाबा, गुरुवारी..." ती मोठ्यानं म्हणाली.

"तेवढं ऐकलंय मी."

टेकू जिथे टेकले होते, तिथे चार चौकोन कोरे राहिले होते. ते दरवर्षी शेवटी, टेकू सरकवून रंगवायचे असत.

"ओनोदाला बोलव. टेकू हलवायचेत."

ओनोदा आला आणि पहिला टेकू सैल करू लागला. बाळ जागं होऊन रडायला लागलं. बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते ब्रश निथळवत, चौकोन मोकळा व्हायची वाट पाहत बसले होते.