पाचवी तार

“बेटा, लाइट अशी कमी-जास्त होत असली ना, की ईराचं मशीन लावत जाऊ नकोस. खांबावरची न्यूट्रलची तार ढिली झालीय, व्होल्टेज एकदम चढतं,” असं भय्यासाहेब जिन्यात म्हणाले होते. अपूर्वाने कडेवरच्या मुलीची टोपी सारखी करत नुसतं “हो काका” म्हटलं होतं आणि ती वर निघून गेली होती. घरमालक, तेही तहसील कचेरीतून निवृत्त. विजेतलं त्यांना काय कळणार?

आता मेन स्विच पाडून ती वाफेच्या मशीनचा प्लग भिंतीतून ओढत होती आणि तो येत नव्हता. प्लास्टिक वितळून आत चिकटलं होतं. मिनिटभरापूर्वी ट्यूबलाइट एकदम पांढरीफटक झाली, मशीन तडतडलं आणि सोळा महिन्यांच्या ईराच्या मास्कमधून वाफेऐवजी जळका वास आला. पलंगावर ईरा खोकत होती. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. अपूर्वाने प्लग तसाच सोडला, मुलीला उचललं आणि ऑटोसाठी रस्त्यावर धावली.

दवाखान्यात श्वास मोकळा झाला. घरी नवं मशीन आलं. पण तेव्हापासून अपूर्वाची नजर ट्यूबला बांधल्यासारखी झाली. पोळी तव्यावर टाकून ती वर बघे. ईराला थोपटताना हात तिचा, डोळे छताकडे. उजेड जरासा थरथरला, की पळत जाऊन मशीनची पिन काढून ठेवी.

वीज कंपनीच्या नंबरावर तिने तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा तासाभरात मेसेज आला: आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है. तिसऱ्यांदा तर ती गॅलरीत खुर्ची टाकून खांबासमोर बसली होती. खांबावर एक खार चढली, बाकी कोणी नाही.

मग तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. बी.एससी. झालेली होती, कचेरीला लागते ती हिंदी चांगली होती, राग ताजा होता. दोन पानं भरली. प्रत्येक वाक्य ‘क्यों’ने सुरू होत होतं. एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, की विचारलेले प्रश्न ‘सूचना’ म्हणजे माहिती या व्याख्येत बसत नाहीत.

भय्यासाहेबांनी ते उत्तर चष्मा लावून वाचलं, मग तिच्या अर्जाची प्रत वाचली आणि हसले.

“तू तर यांना जाब विचारलास. जाब विचारला की कचेरी कासवासारखी मान आत घेते. कारण मागायचं नाही, बेटा. नक्कल मागायची. जी चीज त्यांच्या कपाटात आहे, तीच.”

“पण मला कारणच हवंय ना, काका.”

“ते नकलेत दिसतं. तीस साल नकला दिल्यात मी, मला सांगतेस?” त्यांनी पेन हातात घेतलं. “आणि नुसती आपल्या घराची नोंद मागू नकोस. म्हणतील, रिकॉर्ड नहीं मिला. पूर्ण ट्रान्सफॉर्मरची वही माग. तारीख, खांबा नंबर, तक्रार काय, बंद कोणी केली, काय लिहून केली. सहा महिन्यांची. एवढी मोठी वही हरवली म्हणायला हिंमत लागते.”

दुसऱ्या अर्जाला अठरा दिवस झाले आणि लाइनमन शिडी घेऊन दारात हजर. वीस मिनिटांत तो खांबावरून उतरला. ट्यूबचा उजेड दुधासारखा स्थिर झाला.

“मैडम, आरटीआई लगाने की क्या जरूरत थी? फोन कर देतीं.”

“तीन बार किया था, भैया.”

“वो तो ऑफिस से ही बंद हो जाती हैं,” तो हसत म्हणाला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. “यहाँ एक साइन कर दो. कि काम हो गया, अब जानकारी नहीं चाहिए. साहब ने बोला है.”

अपूर्वाने कागद घेतला. लाइट नीट झाली होती. ईरा जमिनीवर बसून डब्यावर चमचा बडवत होती. तिने रतलामला फोन लावला. तिचा नवरा विक्रांत तिथल्या बँकेत होता आणि फक्त शनिवारी घरी यायचा.

“झालं ना काम? मग कर ना साइन. उगाच कशाला त्यांच्याशी पंगा?”

“हो,” ती म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं आणि ट्यूबकडे पाहिलं. मग टोपण लावलं.

“पेन चल नहीं रहा, भैया.”

“मेरे पास है.”

“वो भी नहीं चलेगा.”

बावीस पानं रजिस्टर्ड पोस्टाने आली. पानापानावर ‘सत्य प्रतिलिपि’चा शिक्का. लोकांची नावं, घर नंबर आणि फोन नंबर काळ्या शाईने पुसले होते. खाजगी माहिती म्हणून. उरली होती तारीख, खांबाचा नंबर, तक्रार आणि शेवटच्या रकान्यात शेरा. अपूर्वाने स्वतःला खांब नऊवर ओळखलं: बच्ची की भाप की मशीन, वोल्टेज कम-ज्यादा. शेरा: उपभोक्ता से बात हुई, संतुष्ट. तिन्ही वेळा संतुष्ट.

“बघा काका! कोण बोललं माझ्याशी?”

“आता वरच्या साहेबाकडे तक्रार करायची, तिला हेच तर चिटकवायचं,” भय्यासाहेब खुशीत म्हणाले. “आता यांना पळता येणार नाही.”

पण ती पानं उलटत राहिली. खांब चौदा. ऑक्सीजन की मशीन बंद हो जाती है. दोन दिवसांनी पुन्हा खांब चौदा. ऑक्सीजन की मशीन, घर में अकेली हूँ. पुढच्या पानावर दोनदा. अपूर्वाने बोट ठेवून मोजलं. अकरा. अकराही जागी संतुष्ट. शेवटची नऊ जानेवारीची, तिच्यापुढे फक्त ‘जल्दी भेजिए’ एवढंच. त्यानंतर वही जानेवारी संपेपर्यंत चालली होती, पण खांब चौदा परत आला नव्हता.

“काका, आपली लाइट नीट झाली ती फेब्रुवारीत ना?”

“अठराला. जानेवारीत तर कोणी खांबावर चढलंच नव्हतं.”

भय्यासाहेबांनी पान स्वतःकडे ओढलं, वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसले.

“मुलाकडे गेली असेल कुठे,” ते म्हणाले.

अपूर्वाने ईराला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या.

चौदा नंबरचा खांब पिठाच्या गिरणीपाशी होता. खांबाला लागून चार घरं. तिने चारही बेल वाजवल्या. “हमारे यहाँ तो सब ठीक हैं, दीदी.” “मशीन? कौन-सी, आटे की?” एका बाईंनी ईराचा गाल ओढला आणि लग्नाचे लाडू दिले. ऑक्सिजनचं कोणालाच ठाऊक नव्हतं. परत फिरताना अपूर्वाने सवयीने वर पाहिलं. घरं चार, तारा पाच. पाचवी तार कोचिंग क्लासच्या छतावरून पलीकडे, मागच्या गल्लीत जात होती.

मध्ये भिंत होती. ती मोठ्या रस्त्याने वळसा घालून मागे पोचली तोवर ईराला खोकल्याची उबळ आली होती. मागच्या गल्लीत तारांचा गुंता होता आणि ओळीने सात फाटकं. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्यातला मुलगा म्हणाला, “हम तो किरायेदार हैं, किसी को नहीं जानते.” तिसऱ्या फाटकाच्या कडीला हात लावला तेव्हा खांद्यावर टेकलेल्या ईराच्या छातीतून श्वासाची शिट्टी ऐकू आली. बरगड्या आत जात होत्या. अपूर्वा क्षणभर कडी धरून उभी राहिली आणि मग घराकडे धावली.

मशीन सुरू झालं. वाफ निघाली. डाव्या हाताने ईराच्या तोंडावर मास्क धरून उजव्या अंगठ्याने तिने फोनवर आधी गल्लीच्या ग्रुपवर हिंदीत लिहिलं, मग मराठी मंडळींच्या ग्रुपवर:

“माधव नगरात गिरणीच्या आसपास जे कोणी राहता, त्यांनी हे वाचा. चौदा नंबरच्या खांबावरची पाचवी तार कोचिंगच्या छतावरून मागच्या गल्लीत जाते. ती जिथे उतरते, त्या घरात एक बाई एकट्या राहतात. नाव मला माहीत नाही. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. नऊ जानेवारीनंतर त्यांनी काही कळवलेलं नाही. मी दोन दारं बघितली, पाच राहिलीत. मुलीला मशीन लावलंय, मला उठता येत नाही. तुम्ही जवळ असाल तर आत्ता जा. बेल वाजली नाही, तर कडी वाजवा.”