माहेरचं विरजण

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, तो मान माझ्या नशिबी नव्हता. मी गोबरगॅसची टाकी. शेणकाल्याने भरलेल्या विहिरीवर मला कायमचं उपडं घातलेलं आहे, म्हणजे तोंड शेणात आणि पाठ उन्हात. हिंगोलीकडल्या पुसेगावजवळच्या एका बंजारा तांड्यात, धर्मसिंगच्या गोठ्यामागे, मी सतरा वर्षं अशी बसून आहे. एवढ्या वर्षांत माझा प्रवास म्हणाल तर दोन हात वर आणि दोन हात खाली.

माझा जन्म हिंगोलीला फकीरभाईंच्या वर्कशॉपमध्ये झाला. तेव्हा हिंगोलीचा जिल्हा व्हायचा होता. माझ्याबरोबर आलेल्या पत्र्यांची लग्नाची कपाटं झाली, आरसा लावलेली. मलाही कपाटच व्हायचं होतं. पण फकीरभाईंनी मला गोल वाकवलं, वरून झाकण जोडलं आणि खालून उघडं ठेवलं. शेवटी पाठीवर दोन कड्या जोडल्या. मला वाटलं, चला, दोन दागिने तरी मिळाले.

"या कड्या धरून हिला रोज फिरवायची," फकीरभाई धर्मसिंगला म्हणाले. "न्हाई फिरवली तर खाली साय धरते अन् ही अडकून बसते. मग तकलीफ हाय."

धर्मसिंगने मला आणलं ते त्याच्या बायकोसाठी. मोतीबाईला चुलीच्या धुराने धाप लागायची. चार भाकरी थापल्या की ती दारात येऊन बसे आणि श्वास गोळा करी. धुरापासून लांब ठेवा, नाहीतर छाती कामातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गोठ्यामागे विहीर खोदली गेली, बाजूला शेण कालवायचा हौद बांधला गेला. गोमूत्राचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून गोठ्याची नालीसुद्धा धर्मसिंगने त्याच हौदात आणून सोडली. ही नाली लक्षात ठेवा.

शेण वाऱ्यावर पडलं तर त्यातला गॅस उडून जातो. तोच विहिरीत कोंडला तर माझ्या पोटात साठतो आणि नळीतून शेगडीपर्यंत जातो. गॅस भरला की मी वर उचलली जायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. पहिल्यांदा निळी ज्योत पेटली तेव्हा अर्धा तांडा बघायला आला होता. मोतीबाईने भाकरी केल्या आणि उठून दारात गेली नाही. धर्मसिंग नुसता तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर आठ वर्षं रोज सकाळी ती माझ्याकडे यायची. शेण आणि पाणी सारखं घेऊन हाताने कालवायची, काड्या वेचून काढायची. मग माझ्या कड्या धरून मला गरगर फिरवायची. तांड्यात सगळे आपसात गोरमाटी बोलतात, पण माझ्याशी ती मराठीत बोलायची. मी हिंगोलीची ना! "काय गं, झोप झाली काय?" असं विचारायची. कपाटाशी कोण असं बोलतं? माझा रुसवा केव्हाच गेला होता.

मग जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी तांड्यात खुरकूत आली. धर्मसिंगच्या आठ जनावरांच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांत जखमा झाल्या. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडायचे. ते दिवस गेले, तरी जनावर आजारी पडलं की धर्मसिंगच्या घशाखाली घास उतरत नाही. आठ दिवस गोठा फिनाईलने धुवा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. धर्मसिंगने देवीपुढे हात जोडले आणि तो नवस बोलला, "माझं एकबी जनावर जाऊ देऊ नको. मी रोज असाच गोठा धुईन. जल्मभर."

आठही जनावरं वाचली. धर्मसिंग शब्दाला पक्का. रोज सकाळी बादलीत फिनाईल ओतून तो गोठा लख्ख धुवायचा, आणि ते पांढरं पाणी नालीतून हौदात आणि हौदातून माझ्या विहिरीत यायचं.

मित्रांनो, शेणात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. गॅस तेच करतात. मी फक्त साठवते. ते जीव माझ्याखाली मरत गेले आणि मला ते कळत होतं. ज्योत आधी मंद झाली, मग नुसती फुरफुरली, मग विझली.

फकीरभाईंना बोलावलं. त्यांनी मला वर ओढून सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेच बुडबुडा आला नाही. "पत्रा बराबर हाय, धर्मसिंगभाऊ," ते म्हणाले. "भोक कुठंच न्हाई. लोखंडाचं मला कळते, शेणाचं न्हाई कळत." खरं बोलणारा माणूस, पण त्याने माझं काही भागलं नाही.

मोतीबाई वर्षभर आशेने शेण कालवत राहिली. एक दिवस कड्या धरून तशीच उभी राहिली. "तुला काय झालं ते सांग की," म्हणाली. मला सांगायचं होतं, बाई, नाली फिरवा. एवढेच तीन शब्द. पण लोखंडाला तोंड कुठलं? मी त्या दिवशीइतकी कधीच तडफडले नाही.

मग चूल पुन्हा पेटली. मी खाली बसले ते बसलेच. कुणी फिरवेना, तशी खाली साय धरून टणक झाली आणि तिने मला गच्च धरलं. कड्यांवर धुणं वाळत पडे, पाठीवर करडं उड्या मारत. दहा पावलांवर स्वयंपाकघर. रोज सकाळी आधी गोठ्यातून फिनाईलचा वास यायचा, मग धूर आणि मग मोतीबाईचा खोकला. तिन्हींचं कारण मला ठाऊक होतं आणि मला जागचं हलता येत नव्हतं. अशी चार वर्षं गेली. मोतीबाई आता एका भाकरीलाच दारात येऊन बसू लागली.

त्या वर्षी मुलाचं, रणजीतचं, लग्न झालं आणि सून आली पुजा. तिचं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, तिथे घरी गोबरगॅस होता. आल्याच्या चौथ्या दिवशी ती माझ्याभोवती एक फेरी मारून हौदाशी वाकली. नाकाला पदर लावून तिने सासूला हाक मारली.

"याडी," म्हणाली. गोरमाटीत याडी म्हणजे आई. "यात फिनाईल काहून येऊन राहिलं?"

"गोठ्याचं पाणी हाय ते. तुझा सासरा रोज धुतो."

"अन् तुमी विरजणात फिनाईल टाकसाल काय?"

धर्मसिंग बादली घेऊन तिथेच उभा होता. त्याने बादली हळूच खाली ठेवली. बायकोच्या छातीकडे त्याला बघवेना. "म्या नवस फेडत होतो," एवढंच तो म्हणाला.

"नवस फेडा की, मामा," पुजा म्हणाली. "पण नाली रानाकडं फिरवा."

चार वर्षांनी कुणीतरी माझं वाक्य बोललं होतं.

नाली फिरवली, मला सोडवून जुना काला उपसून टाकला, ताजं शेण भरलं. पुजा पहिल्यांदा माहेरी गेली आणि परतताना जीपमध्ये दोन डबे घेऊन आली. शेजारणी लाडू-करंज्या बघायला धावल्या. डबे उघडले तर आत तिच्या माहेरच्या गोबरगॅसमधला आंबलेला शेणकाला. तांडा पोट धरून हसला. पुजाने तो माझ्या विहिरीत ओतला आणि हात धुतले.

पंचवीस दिवसांनी माझी पाठ चार बोटं वर आली. सासू-सुनेने एकेक कडी धरली. कुरकुरत, गंज झाडत मी फिरले.

ज्योत निळी होती. पण चार वर्षांचा धूर छातीत जाऊन बसला होता, तो परत निघाला नाही. मोतीबाई पुढे तीनच हिवाळे जगली. त्या तीन हिवाळ्यांत ती एकदाही चुलीपाशी बसली नाही, हे मी माझी कमाई म्हणून सांगते. शेवटच्या थंडीत तिला दहा पावलं चालवेना, तरी धर्मसिंगचा खांदा धरून ती यायचीच. एकदा कडीवर हात ठेवून म्हणाली, "तुला म्हाईत होतं, व्हय ना? बोलली काहून न्हाईस?"

आता माझा पत्रा ठिकठिकाणी पातळ झाला आहे. मित्रांनो, मला नवा रंग द्या असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, की घरातली एखादी वस्तू, एखादं मुकं जनावर अचानक गप्प झालं तर त्याला बोल लावू नका. आपण रोज मायेने त्याच्यात काय ओततो ते एकदा वाकून बघा.

पुजा रोज सकाळी मला फिरवते. धर्मसिंग अजून गोठा धुतो, फिनाईलनेच. धुऊन झालं की तो नालीपाशी जातो, पाणी रानाकडे जाताना बघतो, आणि मग माझ्या दुसऱ्या कडीला हात लावतो.