ढवळ्याचं औषध

पिंपळगाव राजात गांजा कुणी ओढत नव्हतं. तो लागायचा बैलांना! परवान्याच्या दुकानावर कुणीही गेला तरी "बैलाचं पोट फुगलं" म्हणूनच पुडी मागायचा आणि दुकानदारही बैलाची तब्येत विचारून पुडी द्यायचा. बैलाला गुळातून गांजा खरोखरच चारत, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप अर्धंच लागायचं.

पुंजाजी दिवसभर वांग्याच्या मळ्यात राबे, पण तोंडातून शब्द काढत नसे. संध्याकाळी गोठ्यात जाऊन एक चिलीम ओढली की गडी मोकळा होई. आपल्या बायकोला, गोजरबाईला, यातलं काही ठाऊक नाही, असा त्याचा ठाम समज होता. नवऱ्यांचे असे समज असतातच!

तेवढ्यात नागपुरात नवं सरकार आलं आणि नशाबंदीचं वारं सुटलं. दुकान ठेवावं की बंद करावं, हे विचारायला अबकारीचे साहेब चावडीवर आले. भगवानराव पाटील सगळ्यांच्या आधी उठले.

"बंद करा, सायेब. गावाची इज्जत जाऊन राह्यली!"

कालच पाटलांनी दोन पुड्या नेल्या होत्या. पण माना सगळ्यांनी डोलावल्या, कारण ठेवा म्हणणार तरी कोण? जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस, पण पुंजाजी उभा राहिला.

"सायेब, बैलाचं कसं मंग?"

"कोणाच्या बैलाचं?"

"माह्या. ढवळ्याचं. रोज सांजच्याले लागते त्याले."

"आणा त्याला. गुरांचे डॉक्टर बरोबरच आहेत."

इतक्यात लिंबाखाली बसलेल्या बायकांतून गोजरबाईचा आवाज आला.

"आणतीन कुठून? ढवळ्या मरून दोन पोळे झाले!"

चावडी हसून लोटपोट झाली. साहेबांनाही हसू आवरेना. "मग बाई, दुकान बंदच करू ना?"

"नका करू, सायेब." गोजरबाईनं पदर सावरला. "आमची पोरगी कोकिळा दुसरबीडले देली. तवापासून घरात बोलाले कोनी नाही. आमचे हे दिवसभर मुके. सांजच्याले गोठ्यातून येतेत, मंग ओट्यावर बसून माह्याशी घटकाभर बोलतेत. तेवढंच हाये मले."

कुणी हसलं नाही. पुंजाजी पायातल्या वहाणांकडे बघत राहिला. बाईला सगळं ठाऊक होतं, आणि ती बिचारी रोज ओट्यावर वाट बघत होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नागपूरला कळवतो, म्हणून साहेब निघून गेले.

दिवेलागणीला घरी जाताना पुंजाजीनं तोंड उघडलं. पाटलाचा खोटेपणा काढला, साहेबाच्या टोपीची टर उडवली. मग म्हणाला, "पोळ्याले कोकिळेले आणू. मी सोता जातो दुसरबीडले." बोलत बोलत ओढा आला तरी गडी थांबेना. गोजरबाई गालात हसत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं,

"आज तं तुमी गोठ्यात गेलेच नाही?"

"कवा जातो? सकायपासून चावडीवरच होतो."

"मंग सायेबाले गाठून सांगू का, बंद केलं तरी चालन म्हनून?"

पुंजाजीनं जे तोंड मिटलं, ते घर येईपर्यंत उघडलं नाही.